पाणी खुळखुळेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी निळी पेटी आहे. सरकारी कागदावर माझं नाव 'व्हॅक्सिन कॅरियर' होतं, पण गावोगावी मला 'बर्फाची पेटी' म्हणत. सध्या माझा मुक्काम जालन्यात, एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत, तुळजाबाईंच्या माळ्यावर आहे. माझ्या झाकणाची एक कडी तुटलेली आहे आणि माझ्या पोटात लसणाच्या गड्ड्या आहेत. लसणाबद्दल माझी तक्रार नाही. पण एकेकाळी माझ्या पोटातून काय काय गेलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म एका प्लास्टिकच्या कारखान्यात झाला, साल शहाऐंशी असावं. दोन भिंती, त्यांच्यामध्ये फेसासारखं भरण, वर घट्ट झाकण आणि खांद्याला लावायचा पट्टा. आत चार आइसपॅक, म्हणजे पाणी भरून गोठवायच्या चपट्या बाटल्या, चारही बाजूंना उभ्या राहत. मधल्या जागेत लसीच्या कुप्या. मला भोकरदन तालुक्यातल्या धावड्याच्या उपकेंद्रात पाठवलं. तिथे तुळजाबाई सिस्टर होत्या. उंच, काटक, आणि चालायला अशा भरभर की माझा पट्टा त्यांच्या खांद्यावर नाचायचा.

त्यांची एक सवय मी कधी विसरणार नाही. फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक त्या लगेच माझ्यात ठेवत नसत. ओट्यावर मांडून ठेवत. त्यांना घाम फुटू देत. मग एकेक उचलून कानाशी धरत आणि हलवत. आत पाणी खुळखुळलं, की मगच तो माझ्या पोटात जाई. घाईतल्या डॉक्टरांनी ओरडा केला तरी त्या म्हणत, "बर्फ दगडासारखा असला की लस गोठून मरती. गारवा पाहिजे, गोठवण न्हाई."

वस्त्यांवरची पोरं माझ्यामागे धावायची. त्यांना वाटे, कुल्फी आली. बायाही चेष्टा करत, "सिस्टर, सुई टोचता ते टोचता, निदान एक कुल्फी तरी देत जा!" मी मनातल्या मनात हसायचे. तेरा-चौदा वर्षं आम्ही दोघींनी ऊन-पाऊस पाहिला. नव्या पेट्या आल्या, माझी कडी तुटली आणि मला भंगारात काढलं. तुळजाबाईंनी रीतसर पावती करून मला विकत घेतलं. त्या निवृत्त होऊन जालन्यात राहायला आल्या आणि माझ्या पोटात हिरव्या मिरच्या, कधी विरजणाचं भांडं असं काहीबाही राहू लागलं. माझ्यावर बसून शेजारणी गप्पा मारत. म्हणून मला पुढची सगळी हकिगत ठाऊक आहे. जिच्यावर बसून माणसं बोलतात, तिला सगळं ऐकू येतं.

तुळजाबाईंच्या भिंतीला भिंत लागून रायभान आणि जयवंताबाई राहत. रायभानचे वडील मेंढरं राखायचे. तो स्वतः सळ्या बनवायच्या मिलमध्ये भट्टीवर होता. जयवंताबाई बियाण्याच्या कंपनीत दाणे निवडायला जायची. त्यांची एकुलती एक मुलगी सत्यशीला, सात वर्षांची. तोंडाने अशी फटाकडी की पुष्पाबाई नावाची शेजारीण तिला 'वकीलबाई' म्हणे.

दोन हजार दोन सालच्या मार्चमध्ये सत्यशीलाला ताप येऊ लागला. तो उतरेना. पायांवर निळे डाग उठले. ओठ कागदासारखे पांढरे झाले. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात निदान झालं, रक्ताचा कर्करोग. महिनाभर तिथे औषधं चालली. केस गेले, पण ताप हटला, डाग विरले. दुर्बिणीखाली तिच्या रक्तात रोगाची एकही पेशी दिसेना. ती घरी आली त्या दिवशी रायभानने गल्लीत पेढे वाटले.

पण पुण्याहून निघताना दिलेला पेढा तिथल्या डॉक्टरांनी नुसता हातात धरून ठेवला होता, खाल्ला नव्हता. त्यांनी जालन्याच्या धर्मराज डॉक्टरांना चिठ्ठी दिली होती. धर्मराज डॉक्टर लहान मुलांचे डॉक्टर, शांत माणूस. त्यांनी रायभान-जयवंताबाईंना समोर बसवून सांगितलं, "दुर्बिणीतून दिसत नाही याचा अर्थ रोग संपला असा होत नाही. थोड्या पेशी लपून राहिलेल्या असू शकतात. पोरीच्या बिघडलेल्या पेशींमध्ये एक ओळखखूण आहे, ती पहिल्याच दिवशी सापडली आहे. पुण्यात एक प्रयोगशाळा त्या खुणेच्या लाखो नकला काढते. दहा हजार चांगल्या पेशींत एक वाईट लपली असेल, तरी तिचा पत्ता लागतो. त्यासाठी कमरेच्या हाडातला मगज काढून पाठवायचा."

"आन् मंग?" रायभानने विचारलं.

"खूण नसेल तर पुढची औषधं हलकी. असेल तर फार कडक. कडक औषधं उगाच दिली तर पोरीच्या जिवाला धोका. आणि गरज असून हलकी दिली, तर रोग परत येईल, दुप्पट जोराने. पुढचा टप्पा सोमवारी सुरू करायचा आहे. त्याआधी आपल्याला कळलं पाहिजे."

सत्यशीलाच्या अंगातली ताकद तेव्हा इतकी कमी होती की गर्दीच्या बसमधून तिला पुण्याला न्यायची डॉक्टरांनी बंदी केली होती. म्हणून मगज इथे काढायचा आणि थंड ठेवून त्याच दिवशी पुण्याला पोचवायचा. तुळजाबाईंनी माझ्यातल्या मिरच्या काढल्या, मला गरम पाण्याने धुतलं आणि रायभानच्या हवाली केलं. त्यांना स्वतःला भाचीच्या लग्नाला धावड्याला जायचं होतं. जाताना त्या बजावून गेल्या, "आइसपॅक कानाशी धरून बघ. पाणी वाजल्याबिगर ठेवू नको."

रायभानने मान हलवली. पण मित्रांनो, तो भट्टीवरचा माणूस. त्याच्या लेखी शत्रू एकच, उष्णता. मे महिना, पत्रे तापलेले, आणि माझ्यात फक्त चार बाटल्यांचा बर्फ! त्याला ते फार किरकोळ वाटलं. मिलमध्ये कामगारांच्या पाण्यासाठी बर्फाच्या लाद्या यायच्या. त्याने त्यातली एक फोडून आणली आणि मला गच्च भरलं. बसस्थानकाजवळच्या ओळखीच्या कुल्फीवाल्याने वर सल्ला दिला, "मीठ टाक भाऊ. मीठ टाकलं की बर्फ दम धरतो. बिलकुल वितळत न्हाई." रायभानने दोन मुठी मीठ टाकलं आणि मधोमध, डॉक्टरांनी काढून दिलेल्या मगजाची बोटाएवढी नळी ठेवली.

खरं सांगते, त्या दिवशी मीसुद्धा फुशारले. इतका गारवा माझ्या पोटात आयुष्यात कधी नव्हता. तुळजाबाईंचा नियम मला पाठ होता, तरी मला वाटलं, आज आपण सगळ्यात चांगलं काम करतो आहोत.

पुण्याच्या प्रयोगशाळेत बेबीनंदा मॅडम होत्या. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी झाकण उघडलं, हातमोजा घालून नळी वर काढली आणि उजेडात धरली. आतलं लाल पाणी हललं नाही. ते दगड झालं होतं.

"यात मीठ कुणी टाकलं?"

"मीच टाकलं मॅडम. लई जपून आणलं."

बेबीनंदा मॅडमनी नळी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मिठाने बर्फ आणखी गार होतो आणि मगज गोठतो. गोठल्यावर पेशी फुटतात हो. फुटल्या की आतली खूण काही मिनिटांत नासते. यावर तपासणी होणार नाही. पुन्हा काढून आणावं लागेल."

रायभान माझ्याशेजारी फरशीवर बसला. भट्टीसमोर उभा राहणारा तो माणूस माझ्यातला खारा बर्फ मुठीमुठीने बाहेर काढू लागला.

घरी आल्यावर त्याने मला कोपऱ्यात टाकलं. बुधवार गेला. गुरुवारी तुळजाबाई लग्नाहून परतल्या, तेव्हा घरात आवाज चढले होते.

"आता पुन्हा सुई न्हाई," रायभान म्हणत होता. "पोरगी रात्रंदिवस माझा हात धरून सांगून राह्यली, बाबा नको, बाबा नको. दुर्बिणीत काही दिसत न्हाई म्हणले ना डॉक्टर? मंग झालं! हलकं औषध द्या म्हणावं."

कोपऱ्यातून सत्यशीला म्हणाली, "मी आता बरी झाले ना? पेढे वाटले ना आपण?"

जयवंताबाई नवऱ्यासमोर येऊन बसली. मग तिने ओच्यातून मूठ काढली. कामावरून आलेल्या बायकांच्या कपड्यांत दाणे अडकतातच, तसे ज्वारीचे दाणे तिच्या तळहातावर होते.

"यातला भेसळीचा दाणा कोणता, सांगा बरं," ती नवऱ्याला म्हणाली.

"सगळे सारखेच दिसतेत."

"मी आठ वर्षं निवडून राह्यले, मलाबी सारखेच दिसतेत. कंपनी पोत्यातले मूठभर दाणे काढून शेतात पेरून बघती. उगवल्यावरच कळतं, भेसळ हाय का न्हाई. एक दाणा सापडला की समदं पोतं अडवतेत." तिने मूठ मिटली. "मला माझ्या पोरीच्या अंगात ते उगवून बघायचं न्हाई. उगवायच्या आधी कळलं पाहिजे."

रायभानने मान खाली घातली. तुळजाबाईंनी कोपऱ्यातून मला उचललं, आतलं मीठ तीनदा धुतलं आणि तुटलेल्या कडीच्या जागी बांधायला जुन्या लुगड्याची पट्टी फाडली.

"या खेपेला मी येते," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही धर्मराज डॉक्टरांच्या दवाखान्यात होतो. साडेआठची पुण्याची बस गाठायची होती, कारण प्रयोगशाळा सहाला बंद होते आणि शनिवारी सकाळपर्यंत थांबलेला मगज कामाला येत नाही, असं बेबीनंदा मॅडमनी सांगून ठेवलं होतं. आइसपॅक फ्रीजरमधून काढून टेबलावर मांडले. नुसते दगड.

सत्यशीला टेबलावर चढायला तयार होईना. हुंदके देत दाराला धरून उभी राहिली. तुळजाबाईंनी एक आइसपॅक स्पिरिटने पुसला, फडक्यात गुंडाळला आणि तिच्यासमोर धरला.

"वकीलबाई, माझे कान आता म्हातारे झालेत. मला पाणी ऐकू येत न्हाई. तुझ्या बाबांच्या कानात मिलचा आवाज भरलाय, ते तर बहिरेच. हे काम कोण करणार?"

"काय करायचं?"

"कानाशी धरायचं. हलवायचं. आत पाणी खुळखुळलं की सांगायचं. तोवर पेटी भरायची न्हाई आन् कुणीच हलायचं न्हाई. डॉक्टरसुद्धा न्हाई."

सत्यशीलाने डोळे पुसले. डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी गंभीरपणे मान डोलावली.

ती कुशीवर झोपली. कानाशी आइसपॅक. डॉक्टरांनी कमरेपाशी बधिर करायची सुई दिली. तिने ओठ दाबला आणि पॅक हलवला. "न्हाई," ती म्हणाली. मोठी सुई हाडात शिरली तेव्हा तिच्या तोंडून एक बारीक किंकाळी निघाली. जयवंताबाईने भिंतीकडे तोंड केलं. पण पोरीने हातातला पॅक सोडला नाही. रडतच होती आणि हलवतच होती. "न्हाई... अजून न्हाई..."

मगज नळीत आला. जखमेवर पट्टी बसली. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं. रायभान दाराशी घुटमळत होता.

"मावशी, बस जाईल! भरा ना जल्दी!"

"पोरगी सांगेल तेव्हा."

सव्वाआठ. आठ वीस. सगळे एका सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होते. नळी टेबलावर फडक्यात ठेवलेली होती. साडेआठला एक मिनिट कमी असताना सत्यशीलाचे डोळे मोठे झाले.

"मावशी! वाजलं! बराबर वाजलं!"

तिने एकेक करून चारही पॅक ऐकले. मग ते माझ्यात गेले. मधे कापसात गुंडाळलेली नळी, वर झाकण, त्यावर लुगड्याची पट्टी.

साडेआठची बस गेली होती. तुळजाबाई, रायभान आणि मला सव्वानऊची मिळाली.

कंडक्टरने दारातच अडवलं. "पेटी टपावर टाका."

"टपावर ऊन आहे," तुळजाबाई म्हणाल्या.

"मंग? काय मासे हायेत का त्यात?" मागून एक आजोबा हसले.

तुळजाबाईंनी मला छातीशी धरलं. "एका लेकराच्या हाडातला मगज आहे. सहाच्या आत पुण्यात पोचला न्हाई, तर त्या लेकराला तिसऱ्यांदा सुई लागंल. नाहीतर आंधळेपणाने औषध द्यावं लागंल."

बसमधलं हसणं थांबलं. ते आजोबा उठले आणि सावलीच्या बाजूची आपली जागा रिकामी करून उन्हाच्या बाजूला जाऊन बसले. कंडक्टरने तिकीट फाडलं आणि मला तुळजाबाईंच्या मांडीवरच राहू दिलं.

औरंगाबाद मागे पडलं. मला आतून कळत होतं, पॅक हळूहळू वितळत होते. नेवासा फाट्याच्या पुढे बसचं चाक बसलं. जॅक सापडेना. सूर्य डोक्यावर. तुळजाबाई मला घेऊन निंबाखाली बसल्या. सावली सरकली की रायभान मला सरकवी. रसवंतीवरून त्याने बर्फाचा तुकडा आणला, मीठ मात्र या वेळी टाकलं नाही. तुळजाबाईंनी तो टॉवेलात घालून माझ्या अंगाभोवती बाहेरून गुंडाळला.

"मावशी, एकदाच उघडून बघू का? वितळलं तर न्हाई ना?"

"बघून काय करशील?"

"जिवाला बरं वाटंल."

"तुझ्या जिवाला बरं वाटंल आन् आतला गारवा निघून जाईल. हात काढ."

त्याचा हात पट्टीच्या गाठीवर होता. ती गाठ सुटली असती तर मला काही करता आलं नसतं. मग त्याने हात काढून घेतला आणि माझ्याकडे पाठ करून उन्हात उभा राहिला, अशा बेताने की त्याची सावली माझ्यावर पडावी. चाक बदलेपर्यंत, पन्नास मिनिटं, तो तिथून हलला नाही.

शिवाजीनगरला उतरलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. रिक्षा, सिग्नल, पुन्हा सिग्नल. प्रयोगशाळेच्या जिन्यात पोचलो तर शिपाई कुलूप हातात घेऊन उभा. त्याच्या मागून बेबीनंदा मॅडमचा आवाज आला, "थांब रे. मी वाट बघते आहे."

गाठ सोडली. झाकण निघालं. त्यांनी नळी बाहेर काढून उजेडात धरली आणि हळूच तिरपी केली. आतलं लाल पाणी संथपणे एका बाजूला वाहिलं. त्यांनी माझ्या पोटात तापमापक धरलं, थोडा वेळ वाट पाहिली.

"सात अंश," त्या म्हणाल्या. "चालेल."

रायभान पुन्हा फरशीवर बसला. या वेळी त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

शनिवार-रविवार सुट्टी न घेता मॅडम कामाला बसल्या. सोमवारी सकाळी धर्मराज डॉक्टरांकडे फोन आला. मित्रांनो, आता तुम्ही म्हणाल, खूण सापडली नसेल. सापडली. दहा हजारांत चार. दुर्बिणीला कधीच दिसल्या नसत्या अशा चार.

जयवंताबाई त्या दिवशी माझ्यावर येऊन बसली आणि खूप रडली. तुळजाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "सापडल्या हे बरं झालं बाई. पोतं वेळेवर अडवलं आपण."

मग कडक औषधं सुरू झाली. पुण्यात चार महिने. तोंडात फोड, पाण्याचा घोट उतरेना. दोनदा तर डॉक्टरांनी आईबापांना बाहेर बोलावून तयार राहा म्हणून सांगितलं. ते दिवस मी पाहिले नाहीत, फक्त ऐकले. दसऱ्याच्या सुमारास ती घरी आली, अंगावर नुसती हाडं. पुन्हा मगज काढला. पुन्हा तिने पॅक कानाशी धरला. या वेळी रायभान एकटाच मला घेऊन गेला आणि वाटेत एकदाही त्याने गाठीला हात लावला नाही. निकाल आला, खूण नाही. पण डॉक्टर म्हणाले, अजून पेढे नकोत. दर तीन महिन्यांनी पाहायचं. अडीच वर्षं मी त्या रस्त्याने जात-येत राहिले. प्रत्येक निकालाच्या आदल्या दिवशी त्या घरात कुणी धड जेवत नसे.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात शेवटची तपासणी झाली. निकालाचा कागद आणायला रायभान स्वतः पुण्याला गेला. कागदच आणायचा, तरी मला खांद्याला अडकवून गेला. संध्याकाळी तो गल्लीत शिरला तेव्हा मी जड होते. पुष्पाबाई दारातूनच ओरडली, "काय रायभान, एवढ्या खेपा केल्या त्या पेटीच्या, एकदा तरी कुल्फी आणली का?"

जयवंताबाईच्या हातात त्याने कागद दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो सत्यशीलाला दिला. ती आता दहा वर्षांची होती, खांद्यापर्यंत केस आले होते. तिने मोठ्याने वाचलं, "खूण आढळली नाही. औषधं बंद करण्यास हरकत नाही."

मग रायभानने मला ओट्यावर ठेवून झाकण उघडलं. जालन्याच्या बसस्थानकावरच्या त्याच कुल्फीवाल्याकडून घेतलेल्या वीस कुल्फ्या. भोवती फोडलेला बर्फ.

"मीठ टाकलं का?" तुळजाबाईंनी विचारलं.

"आज टाकलं मावशी. बराबर दोन मुठी."

सत्यशीलाने पहिली कुल्फी उचलली. खायच्या आधी तिने ती कानाशी धरली आणि हलवली.

"न्हाई वाजत," ती म्हणाली. सगळी गल्ली हसली आणि तुळजाबाई पदराने डोळे पुसत राहिल्या.

आता मगज न्यायला कुरियरची माणसं येतात, त्यांच्या पेट्या पांढऱ्या आणि हलक्या असतात. माझी गरज उरली नाही, आणि ते चांगलंच आहे. मला एवढंच मागायचं आहे. कधी बसमध्ये किंवा रेल्वेत कुणाच्या मांडीवर अशी एखादी पेटी दिसली, तर तिला सावलीच्या बाजूची जागा द्या. आत काय आहे ते दाखवा म्हणून हट्ट धरू नका. आणि ती धरून बसलेला माणूस फार घाबरलेला दिसला, तर त्याच्या आणि उन्हाच्या मधे थोडा वेळ उभे राहा.